सत्त्याहत्तरच्या अंकातलं शेवटचं पान

सेक्टर २२, चंडीगड
१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

दर रविवारी फोन होतो, मग हिला पत्र लिहायची हुक्की का आली, असं म्हणशील. ते शेवटी सांगते. आधी बातमी. गोष्ट सापडली!

तीच रे, जिच्यापायी मी गेलं वर्षभर सगळ्यांना वैताग आणला होता. शनीच्या एका चंद्रावर एक माणूस एकटाच चौकी सांभाळतो. रोज संध्याकाळी पृथ्वीला निरोप धाडतो, इथे सगळं ठीक आहे. एक दिवस पृथ्वीकडून उत्तर यायचं बंद होतं, तरी हा आपला धाडतच राहतो. खूप दिवसांनी यंत्रातल्या खरखरीतून एका लहान मुलीचा आवाज येतो, "ऐकू येतंय. आम्ही आहोत इथे." एवढं लख्ख आठवत होतं, पण लेखक, नाव, अंक यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

जुने दिवाळी अंक जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी ती सविस्तर लिहून टाकली. माणसं भली आहेत. पुण्याच्या एकाने आपली सगळी कपाटं उपसली, पण असा शेवट असलेली गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. तुला विचारलं तर "आठवत नाही गं" म्हणालास आणि लगेच नाशिकच्या उकाड्यावर गेलास. त्या दिवशी मी फोन ठेवून स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी होते.

कारण प्रश्न गोष्टीचा नव्हताच. आईचं आजारपण कसं सुरू झालं, आठवतं ना? न झालेल्या लग्नाचं जेवण तिला पदार्थांसकट आठवायचं आणि आपण हसायचो. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती, आणि मला यंदा अठ्ठावन्नावं लागलं. जी गोष्ट जगात दुसऱ्या कुणालाच आठवत नाही ती मला एवढी स्वच्छ कशी आठवते, या विचाराने माझी झोप उडाली होती. माझ्या लेकीला, ऋचालाही न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि "सब ठीक है जी" म्हणाल्या. पण आईलाही पहिल्या वर्षी असंच सांगितलं होतं. गोष्ट सापडली तरच माझा माझ्यावर विश्वास बसणार होता.

आणि सापडली कुठे, तर इथेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तर मंडळाची नवी सेक्रेटरी क्षितिजा जुने अंक रद्दीत द्यायला काढत होती. आपले फिरते अंक रे, बदलीवर आलेल्या मराठी घरांत आठ आठ दिवस फिरायचे ते. वाण तिथेच ठेवून मी जमिनीवर फतकल मारली. चौथा अंक सत्त्याहत्तरचा, त्यात शनी भेटला! मी एवढ्या बायकांसमोर रडले. क्षितिजाला वाटलं, कुणी गेलं की काय.

अंकाच्या आत ती चिठ्ठी अजून डकवलेली आहे, प्रत्येक घराने अंक आल्याची तारीख आणि त्याची अवस्था लिहायची ती. आपल्या घरापर्यंत सगळ्यांनी "उत्तम" लिहिलंय. आपल्यानंतर दामोदरकाकांच्या अक्षरात, "शेवटचं पान नाही." तेव्हा आठवलं. चित्रं कापून वहीत चिकटवायची खोड माझी, म्हणून आळ माझ्यावर आला होता. आईने मला काकांची माफी मागायला लावली. पान हरवलं की त्या घराचा नंबर पुढल्या वर्षी शेवटचा, हा मंडळाचा नियम, त्यामुळे पुढच्या दिवाळीचे अंक आपल्याला होळीनंतर मिळाले. मी किती दिवस ओरडत होते की मी नाही फाडलं. तू गप्प होतास.

पण दादा, ते पान फाडलेलं नाहीच. पट्टी धरून ब्लेडने सरळ कापलंय. मी असते तर ओरबाडलं असतं. बाबांचं दाढीचं ब्लेड घेऊन इतकं नेटकं काम करणारा आपल्या घरात एकच जण होता.

मग त्या अंकाचं नाव मी ग्रुपवर टाकलं आणि सांगलीच्या यामिनीताईंनी त्यांच्या प्रतीतलं शेवटचं पान झेरॉक्स करून पाठवलं. छापलेल्या गोष्टीत आवाज येतच नाही. तो माणूस शेवटचा निरोप धाडतो, दिवा मालवतो आणि गोष्ट संपते. मी पुन्हा चिठ्ठीवरची आपली तारीख पाहिली. चौदा जानेवारी. बाबा हिमाचलात केलाँगला कामावर होते, वाटेतला रोहतांग घाट बर्फाने बंद झाला होता आणि दोन महिने त्यांचं पत्र नव्हतं. मी नऊ वर्षांची, रोज शाळेतून आले की पोस्टमन आला का विचारायची. तू तेराचा. तू ती गोष्ट माझ्याआधी वाचलीस, पान कापलंस आणि "शेवट मला माहितीये, मी सांगतो" म्हणालास. मे महिन्यात नाकाची सालं निघालेले बाबा दारात उभे राहिले, तोवर मी त्या मुलीच्या आवाजावर दिवस काढले.

म्हणजे माझी आठवण शाबूत आहे. गोष्ट छापलेली होती आणि शेवट तुझा होता. तुला खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते मी विचारत नाही. मागच्या आठवड्यात ऋचाच्या स्वरालीला ती गोष्ट वाचून दाखवली. तिचा बाबा, आपला जावई शंतनू, बोटीवर आहे आणि बारा दिवस त्याचा फोन लागलेला नाही. "फिर क्या हुआ, नानी?" असं तिने विचारलं तेव्हा झेरॉक्स माझ्या मांडीखाली होती. मी तुझाच शेवट सांगितला, तुझ्याच शब्दांत. ती झोपली. परवा शंतनूचा फोन आला. ते झेरॉक्सचं पान आता मला घरात नको, आणि फोनवरून ते देता येत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटात घडी घालून ठेवलंय. तेव्हा जिथे लपवलं होतंस, तिथेच लपव.

माफी मागावी लागूनही न रागावलेली,
तुझीच
नयना