बोलून बघणारी माणसं

आये,

परवा शाळेत आम्हा ऑफिसच्या माणसांना दिवसभर बसवून ठेवलं होतं. ठाण्याहून एक बाई आल्या होत्या, माणसांचे स्वभाव समजावून सांगायला. चाळीस प्रश्नांचा कागद, पुढे हो-नाहीच्या चौकटी. माझा जन्म हजेरीपटाचे रकाने भरण्यात चालला आहे, मला चौकटींचा कंटाळा नाही. माझा स्वभाव जो निघाला तो अख्ख्या शहापूरला माहीत आहे: घुमी. बाईंनी त्याला चांगला शब्द दिला, अंतर्मुख. मग म्हणाल्या, आता दुसरा कागद घ्या आणि घरातलं असं माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याच्याशी तुमचं कधी जमलं नाही. बहुतेकींनी नवरे आणि सासवा घेतल्या. मी तुला घेतलं. तुला जाऊन सहा वर्षं झाली, तरी एकाही प्रश्नाला मला थांबावं लागलं नाही.

कागद बघून बाई म्हणाल्या, "काही माणसांना आपल्याला काय वाटतं हे बोलल्याशिवाय कळतच नाही. ती बोलून बघतात. समोरच्यानं खोडलं, की बदलतात. त्यांचं पहिलं वाक्य म्हणजे निर्णय समजू नका." मला तिथंच टोकावड्याचा आपला बांध दिसला. भातलावणीचे दिवस आहेत. बायका आळीपाळीनं एकमेकींच्या खाचरात उतरतात आणि उद्याची पाळी कुणाची हे ठरवायला तू पदर खोचून बांधावर उभी आहेस. "उद्या वरचं खाचर!" तू ओरडतेस. चिखलातून कुणीतरी म्हणतं, "वरती पानी नाय गो अजून." "मंग खालचं!" "खालची रोपं लहान हायत." "मंग तुमीच सांगा गो, मी काय मामलेदार हाय?" चहा येईपर्यंत तुझा हुकूम तीनदा बदललेला असायचा. सगळ्या हसायच्या, तू सगळ्यांत मोठ्यानं. मी त्यांच्यात वाकून रोपं खोचत असायचे आणि मला तुझी लाज वाटायची. या बाईला स्वतःच्या शब्दाची काही किंमतच नाही, असं वाटायचं.

आणि माझ्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशीचा तुझा शब्द मात्र मी काळ्या दगडावरची रेघ म्हणून धरला. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे मुरबाडच्या पाहुण्यांशी तूच बोलत होतीस. मला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. फॉर्म आणून पेटीत ठेवला होता आणि तुला कसं सांगायचं याची आठ दिवस मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती. मला काही विचारलं तर उत्तर दुसऱ्या दिवशी सुचतं, ती खोड अजून गेलेली नाही. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरीचं काय म्हननं?" तू फट्दिशी म्हणालीस, "पोरीला पसंत हाय." म्हाताऱ्यानं सुपारी फोडायला दगड हातात घेतलेला. तू पुन्हा म्हणालीस, "पसंत हाय ना गो." आणि तिसऱ्यांदा नुसतं "पसंत हाय" म्हणून माझ्याकडे बघत राहिलीस. "आयसलाच जास्त घाई," कुणीतरी म्हणालं आणि ओटीवरची सगळी माणसं हसली. मी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा आपल्याकडे एकच अर्थ घेतात. सुपारी फुटली.

संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. नवरा सरळ आहे, पुढे ही नोकरीही मिळाली. पण मला कुणी विचारलं नाही, हा सल मी वीस वर्षं जपला. दिवाळीला यायचे तेव्हा तुझ्याशी कामापुरतं बोलायचे. तू मागे मागे फिरायचीस. "काय झालं गो तुला? बोल ना. नायतर भांड तरी." मी भांडले नाही. परवा त्या कागदावर पेन टेकवून बसले तेव्हा उमगलं, तू मला तीनदा विचारलं होतंस. सगळं गाव तुला खोडायचं, एक मी सोडून. फार वाईट वाटलं ग आये. संडासात जाऊन तोंड धुऊन आले.

तुला लकवा मारला तेव्हा दवाखाना जवळ म्हणून मी हट्टानं तुला शहापूरला माझ्या दोन खोल्यांत आणलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. मग तुझ्या वतीनं मी बोलू लागले. डॉक्टरांशी, शेजारणींशी, नात्यातल्या माणसांशी. तिला भात नको, पेज चालेल. तिला उजेडाचा त्रास होतो. एवढं मी जन्मात बोलले नव्हते. लावणी सुरू झाली आणि गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "आयला न्यायला येऊ का गो? बांधावर खाट टाकतो. बायका सारख्या इचारतात." तू डावा हात खाटेच्या लाकडावर आपटलास. थांबलीस, माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा आपटलास. मी भावाला म्हणाले, "तिला इथंच बरं वाटतंय. पाणी मागतेय बघ, ठेवते." चमच्यानं तुझ्या ओठांना पाणी लावलं. तू ते घेतलं नाहीस, सगळं उशीवर सांडलं.

नऊ दिवसांनी तुला गाडीतून गावी नेलं, झाकून. खाचरातल्या बायका गाडी बघून उभ्या राहिल्या, हातात रोपांच्या मुठी तशाच. तुझ्याच वयाची एक बांधावर आली. "चार दिस आधी आनायची होती गो तिला. लय बरं वाटलं असतं." मी म्हणाले, "बोलताच येत नव्हतं तिला, आम्हाला काय कळणार?" तिनं माझ्या पाठीवरून चिखलाचा हात फिरवला.

हे बाईंच्या कागदाच्या पाठीवर लिहिते आहे. कागद परत द्यायचा होता, दिला नाही. पोस्टात टाकणार तरी कुठे आहे हे. बांधावरच्या त्या बाईशी मी खोटं बोलले. तू पहिल्यांदा हात आपटलास तेव्हाच मला कळलं होतं की तुला घरी जायचं आहे. पण त्या दोन खोल्यांत माझं बोलणं खोडायला कुणी नव्हतं, आणि आये, ते मला आवडत होतं.