कोऱ्या डिस्कचा प्रश्न

कुकटपल्ली, हैदराबाद
१८ ऑगस्ट २००२

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो. तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी मात्र संपली. ऑफिसातल्यांनी फस्त केली, त्यातली निम्मी एकट्या पद्मजाने. ती कोण ते सांगतोच.

फोन घ्यायला तुला मुख्याध्यापकांकडे जावं लागतं आणि तिथे अख्खं घर कान लावून बसतं, म्हणून हे पत्र.

तू विचारलंस ना, कॉम्प्युटरवाले दिवसभर करतात तरी काय? ऐक. आमच्याकडे नवे सर्व्हर आले. एकेकात सीडी घालत बसायचं नाही, नेटवर्कवरून सगळ्यांवर एकदम सिस्टिम चढवायची. चढताना मशीन जे प्रश्न विचारतं, भाषा कोणती, पासवर्ड काय, त्यांची उत्तरं मी आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवली होती. जुन्या मशीनवर करून पाहिलं, झकास झालं. नव्यांपैकी एकही पुढे सरकेना. मी केबल बदलल्या, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, नेटवर्क सांभाळणाऱ्या विजयशी कडाक्याचं भांडून आलो.

पद्मजा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिने विचारलं, मशीन काय म्हणतंय ते कुणी पाहिलं का? कोण पाहणार, आमच्या सर्व्हरना पडदाच नसतो. ती स्वतः ट्रॉलीवर एक मॉनिटर घालून घेऊन आली आणि तिने तो जोडला. आत प्रश्न तसाच थांबलेला: ही डिस्क कोरी दिसते, तरी पुसून सुरुवात करू का? जुन्या मशीनची डिस्क वापरलेली, म्हणून त्याने हे विचारलंच नव्हतं. फाइलमध्ये एक ओळ घातली आणि चहा पिऊन येईपर्यंत सगळी मशीनं मार्गी लागली. मग मी विजयची माफी मागितली. म्हणजे पद्मजाने मागायला लावली.

आता तू गालातल्या गालात हसत असशील. होय अक्का, माझं तिच्यावर प्रेम आहे. तू सुचवलेल्या स्थळांबद्दल मी गप्प राहिलो तो यामुळेच.

ती तेलुगू आहे, आपल्या समाजातली नाही. तिच्या वडिलांना मी स्वतः जाऊन सांगितलं की मी बौद्ध, उदगीरचा, आईवडील नाहीत, बहिणीने वाढवलं.  ते म्हणाले, "तुम्हारी अक्का कू लेके आव. बात उनसेच करूँगा."

मला त्यांच्या नकाराची भीती वाटते, पण त्या घरात कुणी तुला वेडंवाकडं बोलेल याची जास्त वाटते. माझ्यासाठी तू लोकांचं पुष्कळ ऐकून घेतलंस. तसं झालं तर मी तिथून उठेन, हे पद्मजाला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "मग मीपण उठेन."

आणि तूच नको म्हणालीस तर? तर मी काय करीन, मला खरंच ठाऊक नाही.

रविवारी येशील? नामपल्ली स्टेशनला उतर, मी न्यायला येतो. पद्मजाही यायचं म्हणते, आरशासमोर उभी राहून 'जय भीम' म्हणून पाहते.

एक सांगायचं राहिलं. पद्मजाच्या वडिलांनी मला बसा म्हटलं नव्हतं, मी उभ्यानेच बोललो. तू मात्र गेल्यावर आधी बसायचंस, मग बोलायचं. मी तुझ्या मागे उभा असेन.

तू वाढवलेला आणि तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
संघपाल