आधी कान बघा

बाई, आज आपण जिंकलो. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, म्हणून तुम्ही नसतानाही लिहायला बसले आहे.

चार वर्षांची झाले तरी मी बोलत नव्हते आणि घरानं सगळा दोष माझ्या जिभेवर टाकला होता. आत्या रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून जिभेला लावायची. जीभ पातळ झाली की पोर बोलेल! शेवटी आई मला डोंबिवलीहून ठाण्याला, न बोलणाऱ्या मुलांना शिकवायच्या तुमच्या खोपटच्या खोलीत घेऊन आली. पुढचं तिनं मला शंभरदा सांगितलेलं. तुम्ही मला तोंडसुद्धा उघडायला लावलं नाहीत. मी खेळण्यांत गुंतले आहे, तुम्ही पाठीमागे उभ्या आहात. घंटी वाजवलीत, मी ढिम्म. डफ वाजवलात, मी वळले. "बघा, येतं तिला ऐकू!" आई म्हणाली. तुम्ही म्हणालात, "जाड आवाज येतो हो, बारीक येत नाही. कानात शिरलंच नाही ते जिभेवर कुठून येणार? आता त्या जिभेला सुटी द्या."

मग कानाचं यंत्र आलं. आईनं त्यासाठी फ्रॉकला छातीवर खिसा शिवला. तुम्ही माझा तळहात ओठांसमोर धरून 'स' म्हणायचात. गार वाऱ्याची एक रेघ हातावरून जायची. "ऐकू नाही आला तरी आहे तो. काढ आता तू." मी चिडून हात ओढला की डोळे वटारायचात, "रडायचंय? मग मोठ्यानं रड, तेवढाच आवाजाचा सराव!" त्या सरावावर मी आजवर किती सभा गाजवल्या, बाई!

आजची बैठक होती इथल्या एका प्रसूतिगृहाच्या विश्वस्तांची. मागणी एकच: बाळ घरी जाण्याआधी त्याचे कान तपासा. अध्यक्ष हसले. "ताई, आमचा नातूपण उशिराच बोलला. आता गप्प बसवत नाही. पोरं बोलतात हो आपोआप."

मी उठले. "साहेब, तुमचा नातू ऐकत होता, म्हणून बोलला. ज्याला ऐकूच येत नाही त्याची नुसती वर्षं जातात, माझी गेली. बारशाला कान टोचायला सोनार बोलावता ना? मग त्या कानांना ऐकू येतं का, हे बघायला कुणालाच का बोलवत नाही? कान काय फक्त डूल अडकवायला दिलेत?"

कोपऱ्यातल्या वयस्कर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठराव लिहून घ्या." आणि अध्यक्षांसकट सगळे हात वर गेले, मग टाळ्या पडल्या. दुपारी तिथंच मानपाड्याच्या एका झोपलेल्या तान्हुलीच्या कानात तपासणीची मऊ रबरी टोकं बसवली गेली. तिची आजी घाबरून म्हणाली, "अगं, दुखेल तिला!" तान्हुलीनं मात्र फक्त जांभई दिली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा एक सांगून टाकते. टाळ्या मला कधीच आवडल्या नाहीत. यंत्रातून त्या तापल्या तेलात पाणी पडल्यासारख्या तडतडतात. भाषण संपलं की मी गुपचूप यंत्र बंद करते आणि लोकांचे हलते हात बघत उभी राहते. आज मात्र चालूच ठेवलं.