भट्टी हरीची

प्रिय हरी,

पालघरच्या कोठडीतून लिहितेय. तुझ्या थोरल्या बहिणीनं आज तुझ्या सरांना बदडलं! उद्या कोर्टात उभी करतील. त्याआधी तुला सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही.

सातपाटीला आज सरांच्या हस्ते भट्टीचं उद्घाटन होतं. ढगाळ हवेत वाळायला घातलेले बोंबील कुजू नयेत म्हणून तू आपल्या अंगणात पत्र्याची उभी केली होतीस, खाली भाताचा तूस पेटवून, तीच! पाटीवर मात्र सरांचं नाव. भाषणात म्हणाले, "ही कल्पना मला एका पहाटे सुचली." सुचली म्हणे! तिच्यापायी भुवया तुझ्या जळाल्या होत्या, त्यांच्या नाही.

मी पुढे होऊन विचारलं, "माज्या हरीचं नाव कुटं हाय?"

"कोण हरी?"

एवढंच म्हणाले रे. वल्हं माझ्या हातात कधी आलं, कळलंच नाही. पहिला घाव पाटीवर घातला, दुसरा त्यांच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण खरा मार मलाच बसायला हवा होता. भट्टीच्या आकृत्यांची वही सरांना देताना तू कचरत होतास. "बाय, लिवून घेऊ का त्यांच्याकडून?" मीच हसले तुला. "दर्यात ज्यानं आदी खुंट ठोकला त्याची जागा. गावानं बगितलं, झालं! कागद कशाला?" आपल्याकडे दुसऱ्याच्या खुंटाला जाळं बांधणाऱ्याला गाव फोडून काढतं. कॉलेजातही तसंच असेल असं मी धरून चालले. कसली ही अक्कल माझी!

आणि सरांनी भट्टी आपल्या नावावर केली हे कळल्यावर तू तरी एकटा का गेलास? भर वर्गात सरांची कॉलर धरलीस. कॉलेजच्या शिपायांनी फरफटत नेऊन जिन्यावरून ढकललं. डोकं फुटून दोन दिवस तळमळलास. नुसता निरोप धाडला असतास, तर होडीभर बायका घेऊन आले असते.

मघाशी हवालदार म्हणाला, "पाय घसरला, चुकून लागलं म्हण. सुटशील." आईही गजांपलीकडून रडत होती, "तसंच बोल गं. हरी काय परत यायचा नाय."

नाही बोलणार. मुद्दाम मारलं म्हणणार, म्हणजे का मारलं ते पोलिसांना जबाबात लिहावंच लागेल. भट्टी तू बनवलीस, हे कुठल्यातरी कागदावर पहिल्यांदा येईल. त्यासाठी तुरुंग तर तुरुंग! वचन देते हरी, तुझं नाव त्यात पुरं लिहिलेलं दिसल्याशिवाय मी सही करणार नाही.

तुझीच,
यमुनाबाय