नावाआधीचं अक्षर

रविवार, २ फेब्रुवारी

आलो एकदाचे दौंडला! नागसेनची बदली झाली, रेल्वेत रुळांच्या कामावर, आणि आमचा दोन खोल्यांचा संसार टेम्पोतून इथे उतरला. भांडी राहिली गोणीत, मी आधी कॉम्प्युटर जोडला. नागसेन म्हणाला, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्याच्याशी? म्हटलं, तो उलटून बोलत नाही. शिरूरच्या स्टुडिओवाल्या जयसिंगभाऊंनी लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करायचं काम दिलंय. मोबाइलवर फिरतात ना, फोटो, सनई आणि खालून वर येणारी नावं, तेच. लग्नसराई आहे, घरबसल्या काम भरपूर. शिवाय माहेर, पाबळ, आता जवळ आलं. धाकट्या बहिणीचं, गौतमीचं लग्नही याच मोसमात आहे. मी खूश आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मांडवगण फराट्याच्या विश्वजीतची पत्रिका केली. जुळवताना सगळं बरोबर दिसतं, पण रेंडर केलं, म्हणजे सगळे तुकडे एकत्र करून पक्की फाईल काढली, की 'चि.'ची वेलांटी भलतीकडेच पळते. मराठी अक्षरांचं हे जुनंच दुखणं. फॉन्ट बदलला, वेलांटी गपगुमान जागेवर आली. पण नवऱ्याचे चुलते 'श्री. सर्जेराव' नव्या फाईलमध्ये झाले 'कै. सर्जेराव'! धडधाकट माणूस. हसू आवरेना. हा व्हिडिओ गेला असता तर लोकांनी जयसिंगभाऊंनाच कैलासवासी केलं असतं. मागच्या एखाद्या श्रद्धांजलीच्या कामातलं काहीतरी राहिलं असणार. कॅशे, म्हणजे मशीनने साठवून ठेवलेलं जुनं, पुसली, पुन्हा रेंडर केलं. नीट आलं, पाठवून दिलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

जयसिंगभाऊंचा फोन आला. सर्जेरावआप्पा गेले. कारखान्यावरून येताना गाडी उलटली. लग्न ठरल्या तारखेलाच होणार, तेरावं उरकून. म्हणाले, ताई, त्येवढं 'श्री'चं 'कै' करा, आन् दुपारपातुर द्या.

करायचं काहीच नव्हतं. बिघडलेली फाईल मी पुसलीच नव्हती. तीच पाठवली. भाऊ म्हणाले, लई झटपट केलंत वो. मग मी उगाचच हात धुतले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली मी नाही. बाबांनी आम्हा बहिणींना एकच शिकवलं, आधी कारण शोधा. म्हणून शोधलं. कॉम्प्युटरचा ड्रायव्हर नवा टाकला, ग्राफिक कार्ड बंद करून पाहिलं, त्याचा डबा उघडून टूथब्रशने धूळ काढली, सॉफ्टवेअर उडवून पुन्हा बसवलं. मग पाटसची पत्रिका घेतली. नवरीची मावशी, 'सौ. सुलक्षणा'.

रेंडर झालं. 'कै. सुलक्षणा'.

पुन्हा केलं, तरी तेच. त्यानंतर मी काहीही न बदलता आपोआप नीट आलं. भाऊंना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, मावशींची तब्येत कशी आहे? म्हणाले, ठणठणीत हाय की, काल बस्त्याला सगळ्यांच्या म्होरं व्हती. का वो ताई? म्हटलं, काही नाही. काय सांगणार होते मी?

सोमवार, १७ फेब्रुवारी

सुलक्षणामावशी गेल्या. बसल्या जागी. भाऊ विचारत होते, ताई, तुमाला कसं कळलं?

भीती वाटते. दिवसा, उन्हात, शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने चालू असताना वाटते. भाऊंना म्हटलं, काही दिवस काम नको.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गौतमीचा फोन. ताई, माझी पत्रिका तूच करायची, दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाई, रुसंन मी. नाही म्हणता आलं नाही.

मनाची समजूत घातली. बिघाड आहे तो 'कै.'चा. आम्ही बौद्ध लोक 'कै.' लिहितच नाही. आमच्यात गेलेल्या माणसाला 'कालकथित' म्हणतात, आणि तो शब्द मी या मशीनवर आजवर टाइपच केलेला नाही. फॉन्ट चुकेल, वेलांटी पळेल, पण न लिहिलेला शब्द कुठून येणार?

रेंडर केलं.

'निमंत्रक: कालकथित नागसेन.'

गुरुवार, २० फेब्रुवारी

नागसेनचं नाव काढलं. तर — 'कालकथित बबनराव'. बाबा.

बाबांचं काढलं. 'कालकथित पार्वतीबाई'. आई.

नागसेनचं परत घातलं. परत त्याच्यावर.

नावाचं चित्र करून चिकटवलं. तरी तेच. त्याला आमच्यातलं एक हवंय. कोण, ते मी ठरवायचं —

नागसेन रुळांवर आहे. फोन उचलत नाही. पुन्हा लावला — उचलला. जेवत होता. मला चिडवलं, करमत नाही का गं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

निमंत्रकांत फक्त माझं नाव ठेवलं.

'कालकथित सीमा.'

रडले. मग बरं वाटलं. हीच फाईल ठेवायची. नागसेनला आवडते म्हणून शेंगदाण्याची आमटी केली. तो जेवताना त्याच्याकडे बघत बसले.

शनिवार, २२ फेब्रुवारी

त्याने फाईल पाहिली. ओरडला. सगळं सांगितलं. हसला नाही, हात धरला. म्हणाला, येडे, मग आपली नावं पाहिजेतच कशाला? निमंत्रकच काढून टाकू. नवरा-नवरीचीच नावं ठेवू.

मी चहा ठेवायला उठले होते. एवढंच. त्याने काढली — सगळ्यांची — आणि बटण दाबलं —

बंद होत नाही. वायर ओढली. पडदा चालूच. त्याच्या हातात वायर आहे. म्हणतोय, मला वाटलं, तू सुटशील —

गौतमी फोन उचलत नाही. आईला लावलाय. रिंग जातेय.

लिहितेय, कारण हात थांबत नाहीत. पडद्यावर तिचा फोटो आला. पिवळ्या साडीतला. आता खालून नाव — मी 'चि.' लिहिलंय, मी 'चि. गौतमी' लिहिलंय — एकेक अक्षर उमटतंय — पहिलं —

का