उलिमाताला शिव्या घालण्याची कामगिरी

रुफिस्क, शनिवार

आदरणीय मासांबा काकांस,

धाकट्या दाऊदाचा सलाम. आपण कसे आहात, काकू कशा आहेत, मुलं, मुलांच्या शाळा, शाळांचे मास्तर, तुमच्या कारखान्याचा मालक, त्याची तुमच्यावरची मर्जी, खालच्या मजल्यावरची इटालियन म्हातारी आणि तिचं ते मांजर (ज्याच्याबद्दल तुम्ही मागे दीड पान लिहिलं होतं) सगळे सुखरूप असोत. इकडे शांती आहे. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. शांती असती तर मी हातात पेन धरलं असतं का? शाळेत मी शेवटचा निबंध लिहिला तो गायीवर, आणि ती गाय दुसऱ्याच परिच्छेदात नदी ओलांडून मॉरिटानियात गेली होती. (पुढे मीही तेच केलं. पण गाय परत आली नाही, मी आलो, एवढाच फरक.)

काका, आधीच सांगतो, चूक तुमची आहे. आपल्या गल्लीत न्जाय आडनावाचे पोत्यानं आणि आपण जोप चिमूटभर. न्जायांना तोंडावर वाटेल ते बोलायचा हक्क फक्त आपल्या जोपांचा, त्यांना आपल्यावर रागवायची मुभा नाही, हे सगळं ठाऊक असूनही तुम्ही इटलीत ब्रेशाला निघून गेलात. इतकी वर्षं न्जायांच्या लग्नात, मयतात, भांडणात तोंड वाजवायचं काम तुमचं. मागे उरले कोण? आजोबा, ज्यांना स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि मी, जो नुकताच मॉरिटानियातल्या न्वाधिबूहून परतलो होतो. (तिथलं मासळी वाळवायचं काम का सुटलं ते वेगळ्या पत्रात. मासळीचा दोष नव्हता.)

तर झालं असं की शेजारच्या न्जायांकडच्या पेंदा मावशींच्या थोरलीला, सिराला, मुलगी झाली, आणि सिरानं ठरवलं की नाव ठेवायचं धाकट्या बहिणीचं, उलिमाता. म्हणजे आपली उली! लहानपणी ती उलटं घमेलं बडवून बारशांत गायची आणि तुम्ही ओरडायचात, "पुरे, पाळण्यातलं पोर परत जाईल!" तीच ही. गच्चीवर कपडे वाळत घालताना कुणीतरी फोनवर तिचं गाणं टिपलं आणि पोरगी उडालीच. आधी आबिजान, मग पॅरिस, लंडन, आणि आता तर टोकियोत म्हणे हजारो पोरं तिच्यासोबत रडत रडत गातात. गाणं कुठलं? न विकल्या गेलेल्या मासळीचं! त्यांना वाटतं प्रेमभंगाचं आहे. मी म्हणतो, वाटू दे. आमच्या बाजारातल्या बायकांना विचारलं तर दोन्ही एकच.

पण ज्याचं नाव बाळाला ठेवायचं ते माणूस बारशाला हजर हवं, आणि उली दोन वर्षांत घराच्या उंबऱ्याला शिवलेली नाही. दोन वर्षांमागे तिचे वडील गेले तेव्हा ती कुठल्याशा दौऱ्यावर होती. आली ती चाळिसाव्या दिवशी, काळा चष्मा घालून, मागे दोन कॅमेरेवाले. भाटांनी तिची स्तुती सुरू केली ती थांबेना. पेंदा मावशींना लेकीच्या गळ्यात पडून रडायचं होतं, पण दोघींच्या मधे कुणाचातरी माइक आला. तासाभरात गाडी गेली. तेव्हापासून मावशी तिचा फोन घेत नाहीत आणि ही बया घरी येत नाही, नुसत्या वस्तू पाठवते. आता मावशींनी जाहीर केलं, "नाववाली आली तर नाव. नाहीतर पोरीचं नाव गुरुवार ठेवा, बारसं गुरुवारीच आहे."

उली कार्यक्रमासाठी डाकारच्या हॉटेलात उतरलेली, पण हे तिला सांगायचं कुणी? आई लेकीची मनधरणी करणार नाही. सिरा बाळंतीण. बाकीची गल्ली तिच्यापुढे उभी राहिली की स्तुती करते नाहीतर मुलाची नोकरी मागते. उरला कोण? जोप! बायकांनी माझ्या डोक्यावर तांदळाचं लहान पोतं ठेवलं (न्जायांना भातखाऊ म्हणायचं तर पुरावा सोबत हवा) आणि मला डाकारच्या बसमध्ये कोंबलं.

मी त्याच दिवशी पोचलो असतो. पण वाटेत समुद्रकाठी एका पैलवानाच्या दंडाला त्याचा उस्ताद ताईत बांधत होता आणि गाठ साफ चुकीची. तेवढं सांगायला म्हणून मी उतरलो. मग वाद. मग कुस्ती. (माझी नाही, मी पोत्यावर बसून पाहिली.) असा सोमवार गेला.

मंगळवारी सकाळी हॉटेल. काका, तिथली फरशी इतकी चकचकीत की मला माझ्याच चपलांचे तळवे दिसले. तेवढ्यात लिफ्टमधून ती आली, दोन्ही बाजूंना दोन पहाडासारखे परदेशी रखवालदार, पुढे तिचा व्यवस्थापक बेर्त्रां साहेब, दोन कानांना दोन फोन. मी तुमचं स्मरण केलं आणि ओरडलो, "ए न्जाय! भातखाऊ! आख्ख्या जगाची ताटं चाटून झाली, पोट भरलं की नाही?"

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी हवेत होतो. पोतं फुटलं, तांदूळ फरशीवर, रखवालदार तांदळावर, आणि मी रखवालदाराखाली. मग तिनं चष्मा काढला.

"जोप? आणि तांदूळ घेऊन? कुठल्या दुकानदाराला लुबाडलंस रे?"

"तुझ्या न्याहारीसाठी आणलाय. अर्ध्या न्याहारीला पुरेल."

"सोडा रे त्याला. हात मात्र तपासा, माझं घड्याळ गेलं असेल."

आणि हसली, काका! भिंतीला टेकून, पोट धरून. बेर्त्रां साहेब असे घाबरले की त्यांनी डॉक्टरला फोन लावला. मी त्यांना तासभर समजावलं, की आमचे पूर्वज भाऊबंद, म्हणून जोपनं न्जायला आणि न्जायनं जोपला घालून पाडून बोलायचं, रागवायचं नाही, आणि उत्तर सुचलं नाही त्यानं दुसऱ्याची मागणी नाकारायची नाही. ते म्हणाले, हे कुठे लेखी आहे का?

वर तिच्या खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "दाऊदा, लिस्बनला माझा आवाज फाटला. बेडकासारखा फाटला. वीस हजार माणसं उठून टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, मी मेलेय आणि हे लोक मला सांगत नाहीयेत. तू इथंच थांब. रोज मला शिव्या घाल." बेर्त्रां साहेबांनी लगेच वेळापत्रकात रंगभूषेच्या आधी पंधरा मिनिटं राखून ठेवली आणि शिव्यांचा मसुदा आदल्या दिवशी द्यावा असं सुचवलं. अशा माणसाला काय म्हणावं? (म्हणून पाहिलं. त्याला राग आला. जोपही नाही, न्जायही नाही, नुसताच राग.)

पण खरी डोकेदुखी पुढे. मी आईचा विषय काढला की ही तो थट्टेत उडवायची. मी म्हणायचो, "तुझी आई..." ती म्हणायची, "जोपांना आया कळतात? मला वाटलं तुम्ही टोपलीखाली सापडता!" मी हसायचो, समोर आंबे यायचे, आणि विषय गेला. तिला सगळं कळत होतं, काका. ती पळत होती. बुधवारी सकाळी माझं टाळकं सरकलं आणि मी सरळ बोललो, "उली, थट्टा बस. उद्या बारसं आहे. आई वाट बघतेय. तुला लाज नाही वाटत?"

बास. तेवढं पुरलं. थट्टा सोडली त्या क्षणी मी जोप राहिलोच नाही, नुसता गल्लीतला एक आगाऊ पोरगा झालो, आणि तिला रागवायची मुभा मिळाली. तिनं खोलीत बसल्या बसल्या काळा चष्मा घातला. दोन मिनिटांत मी फुटपाथवर. तुम्ही असतात तर असे घसरला नसतात. मी तिथं बसून स्वतःला अशा शिव्या घातल्या की एक न्जाय तिथं असता तर त्यानं वही काढली असती.

दुपारी तिची गाडी हॉटेलच्या फाटकात अडली, काच वीतभर उघडी. मी धावलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, तोंड आपोआप चाललं. "ए न्जाय! तू पाठवलेला फ्रिज तुझ्या आईनं खोक्यातून काढला नाही, अंगणातच ठेवलाय. त्यावर कोंबड्या झोपतात. जोपांच्या घरून चोरलेल्या कोंबड्या असतील, पण अक्कल बघ त्यांची, अंधार पडला की घरी येतात!"

तिनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. इतक्या भाषांत गाणारी बाई, आणि एका कोंबडीला उत्तर नाही! मी म्हटलं, "हरलीस. उद्या सकाळी ये." काच वर गेली, गाडी गेली. मी रुफिस्कला परतलो आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

गुरुवारी इमाम बसलेले, बाळाच्या जावळाचा वस्तरा पाण्यात, लापशीची परात झाकलेली, आणि गल्लीच्या टोकाकडून उली चालत आली. चष्मा नाही, कॅमेरा नाही. मागे बेर्त्रां साहेब एक बकरा ओढत होते, किंवा बकरा त्यांना. भाटानं तोंड उघडलं तसं मी त्याच्या तोंडात खजूर कोंबला. पेंदा मावशी उठल्या, लेकीचा हात हातात घेतला आणि परगावच्या पाहुणीला विचारावं तसं सुरू केलं.

"न्जाय."

"फाल." (आईला तिच्या माहेरच्या नावानं, रीतीप्रमाणे.)

"सुखरूप?"

"शांती आहे."

"कामधंदा?"

"शांती आहे."

"आणि आई? तुझी आई कशी आहे?"

काका, घर जळत असलं तरी या प्रश्नाला शांती आहे असंच म्हणायचं. पण उली म्हणाली, "माहीत नाही. खूप दिवसांत बघितलं नाही तिला."

मावशी म्हणाल्या, "बरी नाहीये ती."

आणि दोघी तिथंच मातीत बसल्या. काय रडल्या म्हणून सांगू! सिरा रडली, इमामांनी डोळे पुसले, बाळानं सूर लावला, बकऱ्यानंही. आता जोपनं गप्प बसायचं नसतं, म्हणून मी ओरडलो, "न्जाय आल्या! परात झाकून धरा, लापशी संपेल!" तेव्हा कुठे लोक हसले आणि बाळाच्या कानात नाव सांगून झालं. उलिमाता. गुरुवार नाही.

असो. मोठ्यांना सलाम, लहानांना आशीर्वाद, मांजराला जे योग्य ते.

आपला पुतण्या,
दाऊदा जोप

ता. क. : उलीनं मला दौऱ्यावर यायचा हुकूम सोडलाय. तिचा इथला कार्यक्रम उरकला की जग फिरायचं, काम तेच, रोज शिव्या. पण काल पेंदा मावशींनी मला कोपऱ्यात घेऊन दम दिला, "तिला भातखाऊ म्हणायचं नाही. पोरगी वाळून काडी झालीय." म्हणजे माझं निम्मं दुकान बंद! तुमच्याकडचा जुना साठा कृपा करून लिहून पाठवा.

दुसरा ता. क. : हे पत्र उलीच आणते आहे. तिचा मिलानला कार्यक्रम आहे, आधी ती तुमच्याकडे उतरणार (मी व्हिसा आला की मागाहून). तुमच्या दारात ब्रेशाची सगळी आपली मंडळी जमतील आणि स्तुती सुरू करतील. त्याआधी तुम्ही तोंड उघडा, काका. पहिलं वाक्य तुमचं पडू द्या. मी नवशिका आहे. तिला ते वाक्य तुमच्याच आवाजात हवंय, हे ती मला सांगणार नाही.

तिसरा ता. क. : पाकीट डिंकानं चिकटवलंय, पण न्जायांची जात, वाटेत फोडून वाचल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा वर कुठे तिच्याबद्दल चांगलं आढळलं तर ते पेन खराब होतं म्हणून झालं.