दहापैकी किती जवळ

७ जुलै, सोमवार

एकच घर उरलंय. एकच! आणि तेच संपत नाही.

नांग प्रिमाचं घर; मोठ्या बाईला इथे नांग म्हणायचं. माणसं तीन — ती, तेलाच्या जहाजावर असलेला नवरा पिस्तो, आणि मुलगा रेनांते. नवऱ्याने जहाजावरूनच उत्तरं पाठवली. तिची मी घेतली. मुलगा सापडत नाही. "पलीकडे गेलाय." पलीकडे म्हणजे कुठे? "पलीकडे रे." आणि वाळत घातलेली मासळी उलटायला उठून जाते.

काम तसं सोपं. सेबू शहरात आमच्या मॅडम फेलिसांचं एक यंत्र आहे. बेटावरच्या लोकांची परवानगी घेऊन ते मोजत बसतं — कोणी कोणाला किती मेसेज केले, केवढे लांब, उत्तर किती मिनिटांत आलं, कोणाच्या फोटोला कोणाचा अंगठा. मजकूर वाचत नाही, नुसती मोजदाद. त्यावरून सांगतं, कोण कोणाच्या किती जवळ — दहापैकी. मी घरोघर जाऊन तेच माणसाला तोंडी विचारायचं आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. "कॉलेज सोडलेल्याला एवढं जमेल," इति मॅडम.

इथे सगळे सगळ्यांना दहा देतात! सासूला दहा, जावेला दहा. एका बाईचं दिराशी सहा वर्षं बोलणं नाही — त्यालाही दहा. का हो? "कमी दिले आणि त्याला कळलं तर!"

८ जुलै

वादळाचा इशारा. बोटी बंद. धक्क्यावरच्या शिपायाला विचारलं, कधी सुरू होतील? म्हणाला, "घाई असेल तर पोहत जा." नांग प्रिमाच्या घरीच पथारी टाकली. पावसात भिजलेली तिची कोंबडी माझ्या पिशवीत शिरून बसली. बाहेर काढली, परत आत. तासभर तोच धंदा.

९ जुलै

करायला काही नाही म्हणून या घराचे आकडे चाळले. यंत्राच्या मते पिस्तो आणि प्रिमा — दोन. दोनच! पिस्तो आणि रेनांते — जानेवारीपर्यंत एक, मार्चपासून नऊ.

बापलेकाचं एकदम एवढं कसं जुळलं? माझ्या बापाच्या मेसेजना मी महिना महिना उत्तर देत नाही. जाऊ दे, तो विषय नको.

११ जुलै, शुक्रवार

कळलं.

सकाळी जेवताना परत विचारलं, रेनांतेशी निदान फोनवर तरी बोलू द्या. तेवढ्यात देव्हाऱ्यामागच्या बिस्किटाच्या डब्यात टिंग झालं. ती हलली नाही. मीही नाही. परत टिंग. मग तिने हात गाऊनला पुसले आणि डबा काढला. रेनांतेचा फोन.

"मीच घालवला त्याला," म्हणाली. "फेब्रुवारीत. बोटीवरच्या नोकरीचं शिक्षण सोडतो म्हणाला. माझी जीभ सुटली. बाप तिकडे समुद्रात झिजतोय, तू इकडे बसून गिळतोस, परत तोंड दाखवू नकोस, म्हटलं. पहाटेच्या बोटीने गेला. फोन उशाशी टाकून गेला."

मग बापाचा मेसेज आला — बाळा, परीक्षा कशी झाली? हिने मुलाच्या नावाने उत्तर दिलं: बरी. तिथून सुरू. चार महिने ही मुलगा होऊन नवऱ्याशी बोलतेय, एका बोटाने टाइप करत!

"पिस्तो सव्वीसला घरी येतोय. त्याला काय सांगू मी, डोंग, लेकरा? पोराला तू हाकललंस म्हणाला तर?"

मी भात चिवडत राहिलो.

१२ जुलै

आज तिने फोन माझ्या हातात दिला. "आता बास्केटबॉलचं विचारतोय. इंजिनाचं विचारतोय. मला काय कळतंय त्यातलं? तू पोरांसारखं लिही. सव्वीसपर्यंत रे."

नाही म्हणायला हवं होतं. पण घरात तीन वेळा जेवतो तिचं.

आधीचे मेसेज वाचले. हसू आलं. "आईच्या गुडघ्याला आता बरं आहे." "आईने आज तुमचा निळा शर्ट उन्हात घातला." "डुकरिणीला सात पिल्लं झाली, आई पूर्ण दिवस तिच्यापाशी बसून होती, तिला तुमची आठवण आली." चार चार परिच्छेद! मी म्हटलं, नांग, कुठला मुलगा बापाला असं लिहितो? ती लाजली. "मग कसं लिहितात?"

दाखवलं. दोन ओळी, एक विनोद, शेवटी हसणारं तोंड. बापाचं उत्तर सहा मिनिटांत आलं — "वा. आई काय करतेय?"

मी लिहिलं: "बरी आहे." पटकन.

१४ जुलै

दिवसभर फोन. बास्केटबॉलच्या गप्पा. इंजिनाचं शेजाऱ्याला विचारून लिहिलं. पिस्तो माणूस छान आहे. जहाजावरच्या स्वयंपाक्याने मिठाऐवजी साखर घातली ते सांगितलं, मी एकटाच हसलो. नांग प्रिमा दारातून, "काय म्हणाला?"

"काही नाही, जेवणाचं."

"जेवला ना पण?"

ते विचारायचं राहिलं.

१६ जुलै

मॅडमचा फोन. "आर्विन, एका घराला दहा दिवस? झोपा काढतोस का?" मग स्वतःच खूश: "पण ते घर बघितलंस? बापलेकाचा आकडा साडेनऊच्या वर गेला या आठवड्यात! सगळ्या बेटात पहिला! मुलाचं उत्तर दीड मिनिटात येतं. त्याची मुलाखत हवीच मला."

हवीच म्हणे. रेनांतेचा कागद समोर आहे. "वडील तुम्हाला किती जवळचे?" माझ्याच हाताने दहा लिहून मोकळा होऊ शकतो. पेन टेकवलं. उचललं.

बापाचा रोज तोच प्रश्न. आई काय करतेय. आईचा गुडघा. आईने शर्ट ठेवला का घडी करून. मी रोज: बरी आहे, बरा आहे, ठेवला.

१८ जुलै, शुक्रवार

बोटी सुरू!!

पिशवी भरली. नांग प्रिमा दारात आडवी. ओरडली नाही, रडली नाही — पिशवीचा बंद नुसता धरून ठेवला. "तू गेलास तर मी काय लिहू? आता तुझ्यासारखं नाही लिहिलं तर त्याला कळेल. माझं लिहिणं तूच मोडलंस."

खरंच की. दहा दिवसांचं वादळ परवडलं. वादळाला इशारा तरी असतो.

बोटीचा भोंगा वाजला. मी पायरीवर बसलो होतो.

१९ जुलै

गेले दोन दिवस नांग प्रिमा "काय म्हणाला" विचारत नाही. मासळी उलटते, पुन्हा उलटते. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "बोलायची सवय लागली होती रे. वेडीच मी."

आज बापाचे मेसेज कमी. मी विनोद पाठवला. उत्तर नाही. दुसरा पाठवला. नाही. यंत्र तरीही साडेनऊच दाखवतंय.

मला हा फोन समुद्रात फेकावासा वाटतो. पण मग पुढे? परक्या घरात, परक्या माणसाचा मुलगा होऊन अडकलोय. माझी कुठेही बूड टेकत नाही अशी ख्याती!

२१ जुलै, सोमवार

सकाळी पिस्तोचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो.

"तू कोण आहेस मला माहीत नाही. रेनांते एप्रिलपासून दुसऱ्या नंबरवरून माझ्याशी बोलतो, धडधाकट आहे. आईला सांगू नका अशी शपथ घातलीय त्याने. सव्वीसला मी त्याला सोबत घेऊनच येणार. या फोनवर प्रिमा आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तेवीस वर्षांत ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. गेले नऊ दिवस ती नाही. अजून पाच दिवस आहेत. मला कळलंय हे तिला सांगू नकोस, बोलायची थांबेल. फोन तेवढा तिला परत दे."